फुकटचा पत्ता

शुक्रवारी रात्री सीएसएमटीवर कोकणकन्येत चढणाऱ्या पब्लिकचे दोन प्रकार असतात. एक, गावाला निघालेले. त्यांच्याकडे पिशव्या जास्त. दोन, गोव्याला ‘चिल’ मारायला निघालेले. त्यांच्याकडे आवाज जास्त. नोव्हेंबर २०२५ मधल्या त्या शुक्रवारी आम्ही तिसऱ्याच प्रकारात होतो. मी आणि माझा आतेभाऊ. त्याच्या खिशात पत्त्यांचा कॅट, आणि माझ्या पर्समध्ये त्याची दोन डेबिट आणि एक क्रेडिट कार्ड.

कार्डं माझ्याकडे का? सांगते.

दादानं मला पत्ते शिकवले. गणपतीत मेंढीकोट, मे महिन्यात झब्बू, दिवाळीत तीन पत्ती, काडेपेटीतल्या काड्या लावून. पुढे तो आयटीत गेला, मी मास कॉम करून फ्रीलान्स लिहायला लागले, आणि त्याच्या फोनमध्ये पोकर आलं. लोकलमध्ये पोकर, लंच ब्रेकमध्ये पोकर, आत्याच्या घरी सत्यनारायणाला प्रसादाच्या रांगेतसुद्धा पोकर! खेळतोही सॉलिड, असं सगळे म्हणायचे. मग ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदीचा कायदा केला आणि फोनमधली टेबलं बंद झाली. तेव्हा कुठे दादानं हिशेब मांडला. दोन लाख ऐंशी हजारांचं पर्सनल लोन, महिन्याला साडेनऊ हजारांचा ईएमआय. शिवाय माझे चाळीस हजार वेगळे. घरी कुणालाच पत्ता नाही.

“गोव्यात टेबल चालू आहे,” तो म्हणाला. “एकदाच जाऊन येतो.”

“मी पण येते,” मी म्हटलं. “मला स्टोरी हवीच आहे. दहा हजारांच्या चिप्स तुझ्या, दहा हजारांच्या माझ्या. कार्डं माझ्याकडे. संपलं की संपलं.”

तो हो म्हणाला. फारच पटकन हो म्हणाला.

समोर कॅसिनो, मागे हिप्नॉटिझम

पणजीला जायचं तर करमाळीला उतरायचं. सकाळच्या उन्हात ओल्ड गोव्याची चर्चेस मागे टाकत, रायबंदरच्या रस्त्यानं मांडवीच्या काठाकाठानं शहरात शिरायचं. डोक्यावर तीन-तीन पूल. त्यातला सगळ्यात उंच अटल सेतू २०१९ चा. आणि मग दिसतात त्या, नदीत नांगर टाकून उभ्या असलेल्या कॅसिनोच्या बोटी. दिवसा त्या झोपलेल्या असतात. रात्रीचा मेकअप न पुसता झोपलेल्या हिरॉइनसारख्या. संध्याकाळी सात वाजता त्यांचे दिवे लागतात आणि अख्खी मांडवी गुलाबी-जांभळी होते.

गंमत बघा. १९७६ मध्ये गोव्यानं जुगारबंदीचा कायदा केला. पुढे त्यात दुरुस्त्या झाल्या. पंचतारांकित हॉटेलात यंत्रांवरचे खेळ आणि पाण्यातल्या बोटीवर टेबलावरचे खेळ, एवढी फट ठेवली गेली. म्हणून तर कॅसिनो नदीत! आपल्या महाराष्ट्रानंही १९७६ मध्येच कॅसिनोचा कायदा केला होता. तो कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. म्हणजे आपल्या घरच्या जुगाऱ्यांना कोकण रेल्वेशिवाय पर्याय नाही. आणि खुद्द गोवेकर? १ फेब्रुवारी २०२० पासून त्यांना या बोटींवर खेळायला बंदी आहे. आमच्या लॉजचे मालक म्हणाले, “आम्ही काठावरून दिवे बघतो, बाय. ते फुकट.”

जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियाचा पुतळा आहे. कांदोळीत जन्मलेला हा धर्मगुरू संमोहनशास्त्राच्या आद्य अभ्यासकांपैकी एक. पुतळ्यात तो एका बाईवर हात रोखून तिला संमोहित करतोय. त्याच्यासमोर रस्ता, रस्त्यापलीकडे नदी, नदीत कॅसिनो. मी दादाला पुतळा दाखवला. तो बघत होता बोटींकडे.

पोकरचा फंडा, दोन मिनिटांत

ज्यांना तीन पत्तीच माहीत आहे त्यांच्यासाठी. टेक्सास होल्डममध्ये तुम्हाला दोन पत्ते मिळतात, ते फक्त तुमचे. टेबलावर पाच पत्ते उघडतात, ते सगळ्यांचे. आधी तीन एकदम, त्याला म्हणतात फ्लॉप. मग एक, तो टर्न. मग शेवटचा, रिव्हर. प्रत्येक टप्प्यावर पैसे लावायचे. सातांतले सर्वांत चांगले पाच ज्याचे, त्याचा पॉट. किंवा बाकी सगळे पत्ते टाकून गेले, तर जो उरला त्याचा पॉट. हा ‘किंवा’ महत्त्वाचा आहे. लक्षात ठेवा.

आता समजा, तुमच्या हातात बदामाचे दोन पत्ते आहेत आणि फ्लॉपमध्ये आणखी दोन बदाम आले. चार झाले, पाचवा आला की फ्लश. हात अजून झालेला नाही, पण होऊ शकतो. याला ‘ड्रॉ’ म्हणतात. कॅटमध्ये नऊ बदाम शिल्लक. पुढच्या एका पत्त्यात लागायची शक्यता साधारण १९ टक्के, दोन्ही पत्ते मिळून ३५ टक्के. डोक्यात करायची सोपी ट्रिक आहे. कामाचे पत्ते मोजा. एकच पत्ता यायचा असेल तर दोननं गुणा, दोन यायचे असतील तर चारनं. (कामाचे पत्ते खूप असले की हा चारचा पाढा जरा जास्तच खूश करतो, तेवढं सांभाळा.)

मग प्रश्न येतो, असा अर्धामुर्धा हात असताना पैसे लावायचे का? आणि लावायचे तर किती?

रेल्वेच्या बर्थवर मध्यरात्री दादानं मला हे समजावलं होतं. टीसी सोडला तर सगळा डबा झोपलेला. “बघ,” तो म्हणाला, “ड्रॉ घेऊन नुसता मागे मागे गेलास तर जिंकायचा एकच रस्ता. पत्ता लागला पाहिजे. पण स्वतः बेट मारलीस तर रस्ते दोन. एक, समोरचा घाबरून पत्ते टाकेल. दोन, टाकले नाहीत तरी पत्ता लागू शकतो.” याला सेमी-ब्लफ म्हणतात. डेव्हिड स्क्लान्स्की या अमेरिकन लेखकानं हा शब्द पोकरच्या जगात रुळवला. पूर्ण ब्लफ म्हणजे खोटं. सेमी-ब्लफ म्हणजे अजून खरं न झालेलं.

“आणि किती मारायची?”

“तिथंच तर लोक माती खातात.”

माझी भित्री बेट

ती माती मी त्याच रात्री खाल्ली. बोट म्हणजे लग्नाच्या हॉलसारखी. कार्पेट, झुंबर, बफे, स्टेजवर कुणीतरी गातंय. तारीख-वार सांगणारं घड्याळ मात्र मला कुठे दिसलं नाही. पोकरची खोली त्यामानानं शांत. चिप्स एकमेकींवर आपटल्याचा टक-टक-टक आवाज, बस. लहानातलं लहान टेबल बघून आम्ही बसलो. ब्लाइंड ५०-१०० चे. कर वगैरे बाजूला जाऊन हातात प्रत्येकी दहा हजारांच्या चिप्स. टेबलावर बंगळुरूची दोन पोरं, पुण्याचा एक डॉक्टर आणि सुरतचे एक काका. काकांच्या पुढ्यात काजूची वाटी आणि चिप्सचा डोंगर.

तासाभरात मला चौकटचा ड्रॉ लागला. पॉटमध्ये दोन हजार. मी धडधडत्या छातीनं तीनशेची बेट मारली. चारही जण हसत हसत आत आले. का नाही येणार? तीनशे भरून तेवीसशेचा पॉट मिळतोय म्हटल्यावर दर इतका स्वस्त की कचरा हातसुद्धा थांबतो. कुणी घाबरलं नाही, म्हणजे माझा पहिला रस्ता मीच बंद केला. उरला एकच रस्ता, आणि चौकट काही आली नाही.

याच्या उलटही चूक असते. दोन हजारांच्या पॉटमध्ये थेट दहा हजार ढकलायचे. मग हलके हात सगळे पळतात आणि थांबतो तोच, ज्याच्याकडे खरंच काही आहे. म्हणजे दोन हजारांसाठी दहा हजार पणाला, तेही चांगल्या हातासमोर! मधला रस्ता असतो पॉटच्या अर्ध्यापासून पाऊण-एक पटीपर्यंत. अर्ध्या पॉटची बेट मारली की समोरच्याला थांबायला किमान २५ टक्के संधी हवी, पूर्ण पॉटची मारली की ३३ टक्के. त्याला विचार करायला लावणारा, पण आपल्याला रस्त्यावर न आणणारा आकडा. बॉसकडे पगारवाढ मागण्यासारखं आहे हे. फार कमी मागितलं तर देऊन टाकतो आणि विसरतो, फार जास्त मागितलं तर दार दाखवतो.

या खेळातला सगळ्यात गाजलेला सेमी-ब्लफ २००३ चा. लास व्हेगासमध्ये वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरचा शेवटचा सामना. एकीकडे मुरलेला सॅमी फऱ्हा, दुसरीकडे टेनेसीचा अकाउंटंट ख्रिस मनीमेकर, ८६ डॉलरच्या ऑनलाइन स्पर्धेतून तिथपर्यंत पोचलेला. (आडनाव खरं आहे, शप्पथ.) टर्नला मनीमेकरकडे फ्लश आणि स्ट्रेट दोन्हींचा ड्रॉ आला. त्यानं बेट वाढवली. रिव्हरला काहीच लागलं नाही. तरी त्यानं सगळं ढकललं, आणि नव्वीची जोडी हातात असलेला फऱ्हा पत्ते टाकून गेला. अकाउंटंट २५ लाख डॉलर घेऊन घरी गेला. जगभरातल्या ऑफिसांतल्या पोरांना वाटलं, मीही! त्यात माझा दादा पण आला.

पंधरा पत्ते

रात्री साडेबारा. दादाकडे बरोबर दहा हजार. वर नाही, खाली नाही. सुरतच्या काकांनी ४०० केले. दादानं भरले, बंगळुरूच्या एका पोरानंही भरले. टाकून गेलेल्याचे ५० धरून पॉटमध्ये १,२५०. फ्लॉप आला. बदामाची नव्वी, बदामाची अठ्ठी, किलवरची दुर्री.

दादाच्या हातात बदामाचा गुलाम आणि बदामाची दश्शी. (मी तोवर माझ्या चिप्स संपवून त्याच्या मागच्या खुर्चीवर होते. त्यानं पत्त्यांची कोपरं मला दाखवली.) मोजा. नऊ बदाम लागले तर फ्लश. कुठलीही राणी किंवा सत्ती लागली तर स्ट्रेट. बदामाची राणी आणि बदामाची सत्ती आधीच मोजली, म्हणजे आणखी सहा. एकूण पंधरा पत्ते! दोन पत्ते यायचेत, म्हणजे शक्यता ५४ टक्के. हात अजून झालेला नाही आणि तरी झालेल्या जोडीपेक्षा पारडं जड. ड्रॉमधला राजा म्हणतात तो हाच.

पोरगा चेक. काकांनी ८०० मारले. दादानं २,८०० केले.

हा आकडा उगाच नव्हता. काकांना आत राहायला आणखी २,००० भरायला लागणार, म्हणजे विचार करायला लागणार. ते गेले तर पॉट आपला. आले तर पॉट होणार ६,८५० आणि दादाकडे उरणार ६,८००. म्हणजे टर्नला बरोब्बर एका पॉटएवढी बेट शिल्लक, शेवटचा धक्का द्यायला. ड्रॉमध्ये फ्लॉपचा आकडा ठरवताना टर्नचा विचार आधीच करायचा असतो, तो असा. मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू?

पोरगा गेला. काकांनी एक काजू तोंडात टाकला आणि २,००० भरले.

टर्न आला इस्पिकची तिर्री. काही उपयोग नाही. काका चेक.

दादानं चिप्सवर दोन्ही हात ठेवले आणि सगळ्या पुढे ढकलल्या.

“बेटा,” काका म्हणाले, “जोडी है तो मैं जाता नहीं.” हे वाक्य त्यांनी त्या रात्री चौथ्यांदा म्हटलं होतं आणि चारही वेळा ते खरं होतं. त्यांनी पत्ते उलटे केले. काळा राजा, लाल राजा. राजांची जोडी.

रिव्हर, इस्पिकची चौकी. संपलं.

डीलरनं पॉट काकांकडे सरकवला. दादा मागे वळला आणि हात पुढे केला. “कार्ड दे.”

“नाही.”

“अगं, गणित बरोबर होतं. पंधरा पत्ते होते. परत असा हात आला तर परत हेच करीन. दे.”

“नाही, दादा.”

“माझं कार्ड आहे ते.”

होतं. त्याचंच होतं. तो माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. मला सायकल शिकवली ती त्यानं, कॉलेजची पहिली फी भरली ती त्यानं. आजूबाजूचे बघायला लागले. बंगळुरूच्या पोरानं नजर चिप्सकडे वळवली. माझे हात थरथरत होते, पण पर्सची चेन मी घट्ट धरून ठेवली होती. “ओरड हवं तर,” मी म्हटलं. “देणार नाही.”

तो ओरडला नाही. उठला आणि डेकवर जाऊन उभा राहिला. किनाऱ्यावर नेणारी छोटी बोट यायला वीस मिनिटं लागली. त्या वीस मिनिटांत आम्ही एक शब्द बोललो नाही.

तिकीट नसलेली बोट

सकाळी मी त्याला ओढतच बाहेर काढलं. आधी भाजी-पाव आणि चहा, मग पणजीहून बेतीला जाणारी फेरी. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. स्कूटरवाले, शाळेची पोरं, मासळीच्या टोपल्या, सगळ्यांसोबत उभं राहायचं. नदीच्या मध्यावर आलं की एकीकडे पणजीची लाल कौलं, दुसरीकडे लांबवर रेईश मागूशचा किल्ला, आणि अगदी जवळून दिवे विझलेल्या त्या बोटी. गोव्यात येऊन पाच-सात मिनिटांचा एवढा चांगला प्रवास फुकट मिळतो, हे कुणी सांगतच नाही. आम्ही बेतीला उतरलोच नाही. त्याच फेरीनं परत.

दुसऱ्या फेरीला दादा बोलला.

“काकांनी टर्नला चेक केलं होतं.”

“मग?”

“मग मीही चेक करायला हवं होतं. एक पैसा न भरता रिव्हर बघायला मिळत होता. फ्री कार्ड. फुकटचा पत्ता.” त्यानं हिशेब सांगितला. मी तो नोटपॅडवर उतरवला, रेक सोडून. टर्ननंतर एकच पत्ता उरतो, तेव्हा पंधरा पत्ते म्हणजे ५४ नाही, ३३ टक्के. ६,८०० ढकलल्यावर काका आले तर लांबच्या पल्ल्यात हिशेब जवळजवळ शून्यावर. उलट फुकटचा पत्ता घेतला असता तर त्याच ३३ टक्क्यांत ६,८५० चा पॉट, म्हणजे सरासरी सव्वादोन हजारांचं माप आपल्या बाजूला. ढकलणं परवडायला काका तिनांतून एकदा तरी पत्ते टाकणारे हवेत. काका तर एकदाही टाकत नव्हते. “सेमी-ब्लफ हा पत्त्यांवर नसतो, माणसावर असतो. पळणाऱ्यावरच चालतो,” तो म्हणाला. “हे मी तुलाच शिकवलं असतं.”

“मग ढकललेस का?”

बराच वेळ तो पाण्याकडे बघत राहिला.

“कंटाळलो होतो गं. निकाल हवा होता. जिंकलो तर ठीक, हरलो तर हरलो, पण आत्ता. अॅपवर पण शेवटी शेवटी तेच करायचो.” मग खिशातून फोन काढून त्यानं मेसेज दाखवला. आणखी दीड लाखाचं लोन, प्री-अप्रूव्ह्ड, फक्त ‘येस’ दाबायचं. “सोमवारी हे घेणार होतो. जुनं फेडायला.”

मी काही शहाणपणाचं बोलले नाही. सुचलंच नाही. फक्त विचारलं, “आत्याला सांगितलंस तर काय होईल?”

“ओरडेल.”

“मग?”

“रडेल थोडी.”

“मग?”

“मग... जेवायला वाढेल.” तो पहिल्यांदा हसला. “बाबांना सांगायचं काम ती घेईल. दोन वर्षं टोमणे मारतील. लोन काही फिटणार नाही त्यानं.”

“पण बघायला पैसे पडत नाहीत.”

फेरी धक्क्याला लागली. माणसं उतरली, नवीन चढली. आम्ही पुन्हा तिथेच.

“आत्ता पूजेत असेल,” तो म्हणाला. “नऊनंतर करतो.”

मला वाटलं, झालं! टाळतोय. पण करमाळीच्या प्लॅटफॉर्मवर, गाडी लेट असल्याची घोषणा चालू असताना, तो बाकावरून उठून लांब टोकाला गेला आणि पंचवीस मिनिटं फोनवर होता. काय बोलणं झालं ते इथे लिहिणार नाही. परत आला तेव्हा डोळे लाल होते. त्यानं माझ्यासमोर तो लोनचा मेसेज डिलीट केला.

जायचंच असेल तर

जा की. मी नको म्हणणार नाही. वयाची २१ पूर्ण हवीत, ओळखपत्र हवं, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून कॅसिनोवरचा जीएसटी २८ वरून ४० टक्के झालाय, हे हिशेबात धरा. पोकरमध्ये प्रत्येक पॉटमधून घर आपला कट घेतं, त्याला रेक म्हणतात. म्हणजे तुम्ही कितीही सॉलिड खेळा, एक खेळाडू कधीच हरत नाही, आणि तो टेबलावर बसलेला नसतो. तेवढेच पैसे न्या जेवढे सिनेमाच्या तिकिटासारखे गेले तर चालतील. ड्रॉ लागला तर भित्री बेट मारू नका आणि माजलेली पण नको. आणि समोरचा चेक करून फुकटचा पत्ता देत असेल तर आधी बघा, तो पळणारा आहे की काजू खाणारा.

सकाळी फेरी मात्र चुकवू नका.

ता. क. हे सगळं छापायला दादानं परवानगी दिली आहे, एका अटीवर. टर्नचं गणित बरोबर छापायचं. माझ्या चाळीस हजारांतले पहिले दोन हजार डिसेंबरच्या पगाराला आले. उरलेल्यांसाठी मी चेक करून बसले आहे.